पुरावा क्रमांक एक्केचाळीस

सोमवार, ४ ऑगस्ट

आजपासून मी दप्तरखान्याची नोकर! पदवीदानाच्या दिवशी बाबांनी ही निळी वही दिली तेव्हा म्हणाले होते, आपल्या घरात अंगठ्याच्या पुढे कुणी गेलं नाही, तू पानंच्या पानं भर. तेव्हापासून कोरीच ठेवली होती. पहिलं पान आजच्या दिवसासाठी राखलं होतं असं वाटतं.

दप्तरखाना म्हणजे आसेन्गो बंदरावरची कापसाची जुनी वखार. माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून धक्का आणि सरोवर दिसतं. ओचोला साहेबांनी किल्ल्यांचा जुडगा हातात दिला आणि म्हणाले, घे गं डिग्रीवाली, तुझ्यासाठी अठरा वर्षांची धूळ जपून ठेवलीय.

माझ्याकडे अग्विंगी चौकशीचं दप्तर आलंय. रूबेन अग्विंगी, कोळी संघाचे सेक्रेटरी. मोठ्या ट्रॉलरवाल्यांविरुद्ध बोलायचे. अठरा वर्षांपूर्वी याच धक्क्यावरून नाहीसे झाले. मी सहा वर्षांची होते, तरी घराघरातली कुजबुज आठवते. आयोगाने निकाल दिला की ते आपण होऊन बोटीत चढले आणि बहुधा पाण्यात पडले. प्रेत मिळालं नाही. आता कोर्टाने सांगितलंय, सगळे कागद लोकांसाठी खुले करा. कागद लावायचे, नोंदवायचे, मांडणीवर ठेवायचे. कुणाही कोळ्याने यावं आणि वाचावं! याहून चांगलं काम कोणतं?

साक्षीदारांच्या पाच पेट्या आहेत, लाखेने बंद. वर नाव नाही, फक्त आकडा.

बाबांना फोन केला. कुठल्या चौकशीचं दप्तर, एवढंच त्यांनी विचारलं. मग रेंज गेली.

बुधवार, ६ ऑगस्ट

जप्त वस्तूंची यादी तपासली. बूट, चष्म्याची पेटी, संघाची पावतीपुस्तकं. आणि क्रमांक एक्केचाळीस: यागोचं फळ, एक.

आमच्यात प्रेत सापडलं नाही तर त्याच्या जागी यागोचं फळ पुरतात. हातभर लांब, लाकडासारखं कठीण. त्याला नाव घेऊन हाक मारतात, रडतात आणि माती देतात. मग माणूस घरी पोचला असं धरतात. अग्विंगींच्या घरच्यांनीही पुरलं होतं. पोलिसांनी खड्ड्यात खरंच प्रेत तर लपवलेलं नाही ना म्हणून कबर उकरली, फळ पुरावा म्हणून नेलं आणि परत केलंच नाही.

चिठ्ठीवर वजन चार किलो दोनशे. अठरा वर्षांत वाळून हलकं व्हायला हवं होतं. टपालाच्या काट्यावर ठेवलं तर तेवढंच. सालही ताजी. साहेब म्हणाले, काटा सरकारी आहे, खरं कशाला सांगेल?

गुरुवार, ७ ऑगस्ट

अग्विंगींची बायको आली होती. मिकाल नाव. ताठ बाई. फळ मागितलं. म्हणाली, माझ्या माणसाला अठरा वर्षं कपाटात ठेवलंय तुम्ही, आता घरी नेते.

मला वाईट वाटलं, पण नियम नियम असतो. मी समजावलं, आई, नोंदणी अर्धवट असताना पुरावा बाहेर काढला तर उद्या ट्रॉलरवाले म्हणतील दप्तरात गडबड केली. तिला लेखी दिलं: पाचही साक्षी नोंदवून जागेवर लागल्या की क्रमांक एक्केचाळीस कुटुंबाला परत. खाली माझी सही आणि शिक्का.

तिने ते दोनदा वाचून घेतलं. मग माझ्याकडे नाही, मांडणीवरच्या फळाकडे बघून म्हणाली, ऐकलंस ना? पाच.

सोमवार, ११ ऑगस्ट

पहिली पेटी फोडली. इन्स्पेक्टर वासोंगा. शपथेवर सांगतो की बारा दिवस सरोवर पिंजून काढलं. खालीच त्याची स्वतःची डायरी जोडलेली आहे, आणि त्यात ते बारा दिवस तो सासुरवाडीच्या लग्नात! कुणी वाचलंच नाही का हे? राग आला. कार्ड नीट, सुवाच्य लिहिलं. पेटी फळाशेजारी लावली.

बुधवार, १३ ऑगस्ट

दारातल्या अकेयोमावशींच्या टपरीवर मी रोज चहाबरोबर तळलेली मंदाझी खाते. सकाळी त्यांच्या रेडिओवर निधनवार्ता लागतात. आज वासोंगा. मावशींनी आवाज मोठा केला. म्हणाल्या, कसा मेला ठाऊक आहे? खुर्चीत बसल्याबसल्या बुडाला. तोंडातून पाणी, आणि पाण्यात जलपर्णीची मुळं. त्याचं घर इथून दीडशे किलोमीटर आत, विहीरसुद्धा नाही गं.

मी म्हटलं, लोक काहीही बोलतात.

फळ सहज पुसायला उचललं. नऊ किलो.

सोमवार, १८ ऑगस्ट

दुसरी पेटी शुक्रवारी लावली होती. बोटीचा तिकीट कारकून. अग्विंगीला तिकीट दिलं म्हणाला होता, पण त्या नंबरचं तिकीट चार दिवसांनी छापलेलं आहे. काल तो चर्चमध्ये भजन म्हणता म्हणता खाली बसला. पुढच्या बाकावरच्यांचे कपडे भिजले.

फळ तेवीस किलो. टपालाच्या काट्यावर मावत नाही. बाजारातून मक्याची पोती तोलायचा काटा आणवला. ओचोला साहेब फळापासून लांब उभे राहून म्हणाले, डिग्रीवाली, तू हळू काम कर. सरकारी नोकरीत घाई करणारी तू पहिलीच.

घाबरायला हवं, हे कळतं. पण खरं सांगायचं तर मला फक्त भीती वाटत नाही. ही माणसं पेन्शन खात होती.

बुधवार, २० ऑगस्ट

तिसरी पेटी उघडली. नाव वाचलं आणि थंड पडले. अकेयो. आपल्या मावशी! पण साक्ष वाचली आणि रडू आलं. त्यांनी सगळं खरं सांगितलं होतं. तेव्हाच्या सरकारी चीफ ओंदितोची गाडी, चार माणसं, धक्क्यावर ओरडा, आणि ऐन वेळी विझलेला धक्क्यावरचा दिवा. आयोगाने शेरा मारला: साक्षीदार चहा विकते, विश्वसनीय नाही.

कार्ड लिहिलं.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

मावशी ठणठणीत आहेत. आज ओमेनाची पुडी दिली, म्हणाल्या, वाळत चाललीस पोरी, मासे खा. फळाचं वजन हललेलं नाही.

म्हणजे खरं बोलणाऱ्याला काही होत नाही. किती सरळ नियम आहे. कायद्याच्या पुस्तकात असा असता तर!

सोमवार, २५ ऑगस्ट

चीफ ओंदितो स्वतः आला. म्हातारा झालाय, पण हातातला माश्या वारायचा मानाचा चवर तसाच. माझ्या टेबलावर बसला, खुर्चीवर नाही. म्हणाला पाचवी पेटी माझी आहे, ती वाळवीने खाल्ली असं लिही. मी नाही म्हटलं. हसला. म्हणाला, पोरी, तुझ्या शाळेच्या युनिफॉर्मवर माझी सही आहे, घरी जाऊन विचार. मग जाताना चवराने फळावर टपकन मारलं आणि म्हणाला, काय रूबेन, अजून घरी नाही गेलास?

माझे कान अजून गरम आहेत. आता चौथीची पाळी आहे. पण चौथी थांबेल. क्रम मी ठरवते.

मंगळवार, २६ ऑगस्ट

पाचवी पेटी लावली. मुद्दाम. कार्डवर त्याचं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, म्हणजे चूक व्हायला नको.

गुरुवार, २८ ऑगस्ट

रेडिओवर ओंदितो. स्वतःच्या गाडीत, अंगणात. काचा बंद, आत काठोकाठ पाणी. दार उघडलं तेव्हा मासे बाहेर आले म्हणे.

(इथे एक ओळ लिहिली होती. खोडली.)

फळ एक्कावन्न. रूबेनच्या बेपत्ता असल्याच्या तक्रारीत वर्णन आहे: उंची, डाव्या गालावर तीळ, वजन अडुसष्ट किलो.

साहेब कालपासून रजेवर.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

चौथी पेटी.

एलीजा न्यांदिगा, धक्क्यावरचा दिवेकरी. खाली सही नाही, अंगठा. अंगठ्यावर आडवा व्रण. जाळ्याच्या दोरीने कापलेला. तो व्रण मी लहानपणी बोटाने चाचपत झोपायचे.

बाबा.

अग्विंगीला हसत बोटीत चढताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, दिवा चालू होता — असं म्हणाले बाबा. मागे एक पत्र टाचलेलं. चीफ ओंदितोचं, मिशन शाळेला. दिवेकऱ्याची मुलगी अपोंदी, वय सहा, हिला वसतिगृहात जागा आणि फीमाफी द्यावी.

माझी शाळा. माझी पदवी. ही नोकरी.

पेटी बंद केली. लाख परत लावली. मी. मी लावली.

सोमवार, १ सप्टेंबर

फळाखाली पाणी साचलंय. पुसते, परत साचतं. सरोवराचा वास.

बाबांना फोन केला. खोकत होते. म्हणाले, शुक्रवारपासून घशात पाणी आल्यासारखं होतं, काही नाही गं. शुक्रवारपासून.

मिकालकडे धावत गेले. म्हटलं आई, आजच न्या फळ, नियम राहू दे, मी सही करते. ती शेंगा सोलत होती. मान वर केली नाही. म्हणाली, तू कागद दिलास, मी त्याला वाचून दाखवला. चार झाले. एकासाठी त्याला फसवू?

मी म्हटलं, तो एक माझा बाप आहे.

म्हणाली, ठाऊक आहे. त्याच्या दिव्यावर आमचा भरवसा होता.

आणि शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली. खा, म्हणाली. तू माझ्या मुलांच्याच वयाची. त्यांना कुणी शाळेत घातलं नाही.

मंगळवार, २ सप्टेंबर, सकाळ

बाबा आलेत. पहिल्याच मटाटू गाडीने. वाटेत तीन वेळा पाणी ओकले. मी काहीच सांगितलं नव्हतं, तरी आल्या आल्या म्हणाले, माझी पेटी कुठंय?

मी म्हटलं जाळू या. म्हणाले, शिकवून हेच केलं का मी तुला?

अकेयोमावशींना साक्षीला बसवलं. मी लिहिलं. बाबांचे शब्द, जसेच्या तसे —

चीफ म्हणाला गाडी आली की दिवा विझव. मी विझवला. अंधारात चौघं त्याला ओढत होते. त्याला वाटलं वाऱ्याने गेला दिवा. तो मला हाक मारत होता. एलीजा, दिवा! एलीजा, दिवा! मी काडेपेटी मुठीत धरून उभा होतो. मग पाणी वाजलं.

मावशी म्हणाल्या, अठरा वर्षं माझा चहा प्यायलास मेल्या, आणि एक शब्द नाही. मग त्यांनीच बाबांचा हात धरला, अंगठ्याला शाई लावली.

जुन्या साक्षीवर नवी जोडली. कार्ड लिहिलं. पेटी जागेवर.

खोकला थांबला. थांबलाय! बाबा चहा पितायत.

दुपार

मिकाल आलीय. आठ माणसं, शवपेटी, सगळं घेऊन. अंगणात बायका रडायला लागल्यात. मी ताबा-पावती केली.

आठ जणांना फळ उचलेना.

फळ काट्यावरच ठेवलेलं होतं, आकडा पाहिला. सदुसष्ट. अडुसष्ट नाही — एक कमी.

मिकालने विचारलं, सगळं लिहिलं ना? मी म्हटलं, हो आई. सगळं.

आणि खोकला आला. मला —

तळहातावर पाणी. त्यात एक बारीक मूळ.

मी खोटं बोलले. चीफला मी निवडलं, हे कुठल्याच पेटीत नाही. फक्त या वहीत आहे. चौथीच्या आधी पाचवी — नियम माहीत असून —

बाबा ओरडतायत, वही फाड. नाही. ही पण लावायची. खरं लिहिलं की थांबतं. बाबांचं थांबलं —

क्रमांक बेचाळीस. वही, निळी. लिहिणारी अपोंदी, एलीजा न्यांदिगाची मुलगी —

पाणी पानावर पडतंय, शाई —

काटा हलतोय — अजून नाही —

खोडलेली ओळ. ती राहिली. अठ्ठावीस तारखेची. ती ओळ अशी होती —

त्याच्या गाडीच्या काचेपाशी मी असते तर मी दार उघडलं नसतं, मला त्याला बघायचं होतं, शेवटपर्यंत, मला