राजनंदिनीच्या सीईटीवर माझी देखरेख

सोमवार, २० एप्रिल
नात राजनंदिनी हिची एमबीएची सीईटी येत्या रविवारी, केंद्र चितेगाव. शेवटच्या आठवड्याची उजळणी मी स्वतः करून घेणार. सातवीपर्यंतच शिकलो, पण शिस्तीला इंग्रजी लागत नाही. मागच्या वर्षी केंद्राच्या दारात मला चक्कर आली. पोरगी माझ्या तोंडावर पाणी मारत बसली आणि पेपर बिघडला. तिचा बाप काकासाहेब म्हणतो, यंदा नाय झालं तर स्थळं बघायची. यंदा लिंबू-साखर सोबत नेणार. उद्या पहाटे चारला तिला उठवायचं.

मंगळवार, २१ एप्रिल
सातला जाग आली. नंदिनी कधीची अभ्यासाला बसलेली. घड्याळाचा गजर बिघडलाय.

बुधवार, २२ एप्रिल
आठवड्यानं नळाला पाणी आलं. मोटार लावू दिली नाही, आवाजानं ध्यान मोडतं. बायको कडूबाई लई बोलली. तिचा आवाज मोटारीपेक्षा मोठा आहे हे तिला सांगितलं. संध्याकाळी टाकी कोरडी. नंदिनीनं शेजारच्या जोहराभाभींकडून कळश्या भरून आणल्या. तेवढाच व्यायाम.

गुरुवार, २३ एप्रिल
तिची तोंडी परीक्षा घेतली. प्रश्न इंग्रजीत, म्हणून नुसतं ए, बी, सी, डी विचारून मागचं उत्तरांचं पान बघत गेलो. जवळजवळ सगळं चूक. बीपीची गोळी घेतली. मग ती म्हणाली, आजोबा, तुम्ही दुसऱ्याच पेपरची उत्तरं बघताय. म्हटलं, व्हय, तू डगमगतेस का ते बघत होतो.

शुक्रवार, २४ एप्रिल
कडूबाई आज फार गोड. म्हणाली, उद्या सकाळीच चितेगावला जाऊन केंद्र बघून या, तुमच्याशिवाय कुणाला जमणार. इतक्या वर्षांनी हिला माझी किंमत कळली.

शनिवार, २५ एप्रिल
निघताना पाहिलं तर नंदिनीही आवरून तयार. हर्सूलला मैत्रिणीकडं उजळणीला चालली होती. कडूबाई तिच्या हातावर दही-साखर ठेवत होती. उजळणीला दही कशाला, घसा धरंल, असं बजावलं. पोरगी माझ्या पाया पडली. वळण लागतंय. काकासाहेबानं सुट्टी काढून तिला गाडीवर सोडलं.
चितेगावच्या कॉलेजला कुलूप. म्हणजे आत कडक बंदोबस्त. येताना ऊन लागलं.

रविवार, २६ एप्रिल
पहाटेच धोतर-टोपी घालून, लिंबं घेऊन तयार झालो. नंदिनी गाढ झोपलेली. हलवून उठवलं. म्हणाली, आजोबा, पेपर काल झाला. हर्सूलला होता. चांगला गेला.
कडूबाईला जाब विचारला. ती म्हणाली, तुम्ही संगं आला असता तर पोरीनं पेपर सोडवायचा का तुम्हाला सांभाळायचं? काकासाहेब भिंतीकडं तोंड करून हसत होता.
असो. पेपर चांगला गेला तो माझ्या उजळणीमुळं. निकाल मात्र मी जातीनं बघणार. कधी लागतोय ते विचारलं.
तिघांनी तीन तारखा सांगितल्या.