माणिकच्या पाठीवरचा पुरावा

जोगेश्वरी (पूर्व),
६ नोव्हेंबर १९८५

चि. चंद्रप्रकाश यास,

मालनताईचे आशीर्वाद. धाकट्या भावाला पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहायचा असतो म्हणून लिहिलाय, हात काही आपणहून गेला नाही. सुलक्षणा बरी असेल. मुलुंडला पाणी येतं का सध्या? आमच्याकडे नळाची तीच बोंब. ह्यांची गिरणी संपानंतर उघडली नाही ती नाहीच, आता पवईला एका कारखान्यावर वॉचमन आहेत. चकलीची भाजणी दळून आणलीय. यंदा जेमतेमच करीन, हौस नाही.

तुझं पत्र मिळालं. काय लिहिलंय म्हणून ह्यांनी विचारलं, तर मी म्हटलं खुशाली आहे, आणि पत्र पिठाच्या डब्याखाली सरकवलं. वाचून कसं दाखवणार? 'ऑपरेशन झालं हे उत्तम. कापलेला भाग फॉर्मॅलिनच्या बाटलीत ठेवायला सांग, फार दुर्मीळ नमुना आहे. आणि काशीरामभावजींना सांग, शेवटी विज्ञानच जिंकलं.' नमुना! पोर शुद्धीवर आलं का, दुखतं का, काय खातं, याचं एक अक्षर नाही. लाज कशी वाटत नाही रे तुला?

काशीरामभावजी ह्यांचे थोरले भाऊ म्हणून त्यांची बाजू मी घेत नाही, हे आधीच सांगते. पाच वर्षांमागे माझा माणिक शनिवारी जन्मला, कण्याच्या खाली अंगठ्याएवढी शेपटी घेऊन. नर्स म्हणाली, मोठ्या डॉक्टरांना दाखवा, काढून टाकतील. तर भावजी दारात आडवे. "माझ्या घरात मारुती इलो हा, कापूक देवचंय नाय!" तेव्हापासून दर शनिवारी पोर पाटावर. गळ्यात रुईची माळ, अंगाला तेल, शेपटीला शेंदूर. वस्तीतल्या बाया नारळ घेऊन यायच्या आणि पोर रडून रडून लाल व्हायचं. मी तोंड उघडलं की घरात महाभारत.

तेव्हा तू आलास. म्हणालास, 'ताई, मारुती-बिरुती काही नाही. आपले पूर्वज शेपटीवाले होते, त्याची ही खूण.' गर्भाची चित्रं दाखवलीस. देवमाशाच्या अंगात लपलेली पायाची हाडं, दगडात राहिलेले मासे, थंडीत आपल्या अंगावर काटा का येतो, सगळं समजावलंस. मला पटलं रे! मॅट्रिकपर्यंतच शिकले असेन, पण मठ्ठ नाही मी. वाटलं, माझा भाऊ कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, आता माझं पोर त्या पाटावरून खाली उतरणार.

उतरलं. ते तुझ्या टेबलावर चढलं.

मे महिन्यात राणीची बाग दाखवतो म्हणून नेलंस त्याला. हत्ती बघायचा म्हणून पोराने सकाळपासून जेवायचं नाव घेतलं नव्हतं. नवा शर्ट घातला मी त्याला. आणि नेलंस कुठे, तर घाटकोपरच्या हॉलमध्ये, 'माणूस माकडापासून आला की देवाने घडवला' त्या वादाला. समोरच्या कीर्तनकार बुवांना गप्प करायचं होतं ना तुला? भरल्या सभेत चड्डी उतरवलीस त्याची. 'हा बघा पुरावा!' बुवांनी भावजींना बोलावून पहिल्या रांगेत बसवलेलंच होतं. ते 'बजरंगबली की जय' करत धावले आणि पोराच्या पायावर लोटांगण. एक हात तू धरलेला, एक त्यांनी. पोर टेबलावर उभ्या उभ्या मुतलं आणि लोक हसले. टाळ्या कोणाला पडल्या ते तुम्ही दोघं जाणा. हे सगळं मला भावजींनी घरी येऊन सांगितलं, वर छाती फुगवून. माणिक एवढंच म्हणाला, "आई, मामाच्या बागेत हत्ती नव्हता."

गणपतीनंतर तो चालता चालता पडायला लागला. डावं पाऊल आत वळायला लागलं. अंथरूण तर आधीपासूनच ओलं करायचा, आणि मी धपाटे घालायची. त्याचं काय ते मी माझ्या देवाशी बघून घेईन, तुझ्याशी नाही.

म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात नेलं. तपासायला कोण, तर तुझा कॉलेजातला मित्र भीमराज. केस पांढरे झालेत त्याचे, पण मला ओळखलं. चांगला माणूस आहे. फार धावपळ केली त्याने.

तुझ्या बाटलीचं ऐक आता. तुकडा लॅबोरेटरीत गेला. त्यात ना हाड, ना मणका, नुसती चरबी. पोटात असताना मणके नीट मिटले नाहीत, आतली मोठी नस त्या चरबीत अडकून बसली, आणि पोर जसजसं वाढलं तसतशी ताणली गेली. भीमराज म्हणाला, "ताई, ही पूर्वजांची शेपटी नव्हेच. उत्क्रांतीला याने काही होत नाही, तिचे पुरावे ढिगाने पडलेत. पण हा त्यातला नाही." भावजींना तो तुकडा देवळाच्या पाराशी पुरायचा होता, तुला बाटलीत हवा होता. हॉस्पिटलने जाळून टाकला. बरं केलं.

आणि मला सांग, ढीग होता ना तुझ्याकडे? ते देवमासे, ते दगडातले मासे, कमी पडले तुला? तुझा डार्विन खरा आहे, मी कुठे नाही म्हणते! मग खऱ्याला माझं उघडंनागडं पोर कशाला लागलं?

ऑपरेशनला रक्त लागलं, ह्यांचं जुळेना. भावजी बाही वर करून उभे राहिले. "माझा रगत घेवा, व्हया तेवढा घेवा." मग बाहेर बाकावर बसून लहान मुलासारखे रडले. "माका ठावक नव्हता गे, मालन." आता म्हणतात मारुती कोपला, उपास धरलेत. मी अजून त्यांच्याशी धड बोलत नाही. पण त्यांना ठाऊक नव्हतं, हे खरं आहे.

तुला ठाऊक होतं.

एवढं लिहायला मी चार पानं खरडली बघ. भीमराजने माणिकला पालथं झोपवलं आणि म्हणाला, "अरे, ही तर मी पाहिलीय! चंद्रप्रकाशने होळीच्या सुमारास फोटो दाखवला होता. तेव्हाच त्याला बजावलं, आधी पाठीचा एक्स-रे काढून घ्या, अशा गाठीखाली घोळ असतो, पोराचे पाय जातात. बोलला नाही तुम्हाला?"

मी म्हटलं, बोलला होता, आमच्याकडूनच राहून गेलं. परक्या माणसासमोर तुझी अब्रू झाकली मी. का झाकली, माझं मला कळत नाही. घरी येऊन मोरीत तोंडात पदर कोंबून रडले.

होळीला कळलं तुला. वाद होता मे महिन्यात. आधी कापली असती तर टेबलावर दाखवायला काय राहिलं असतं, खरं ना? भावजींनी केलं ते अडाणीपणाने. तू समजून उमजून केलंस.

भीमराज म्हणतो, पुढचं थांबलं, पण गेलेली ताकद परत यायची नाही. डावा पाय असाच ओढत चालणार तो. लोखंडी पट्टीचा बूट दिलाय. वेड्याला तो बूट मामाला दाखवायचाय, रोज विचारतो, मामा कधी येणार.

भाऊबीजेला येऊ का म्हणून विचारलंयस. ये. पण ओवाळायच्या आधी ह्यांना आणि भावजींना समोर बसवून, होळीला तुला काय कळलं होतं ते तुझ्या तोंडाने सांगायचं. माणिकलाही मांडीवर घेऊन बसेन, त्यालाही ऐकू दे. तुला चारचौघांत बोलायची भीती कधीच नव्हती. तेवढं जमणार नसेल तर मुलुंडलाच राहा. मी तबक लावणार नाही आणि पोराला सांगेन, मामा वारला.

अजून तरी तुझी ताई,
मालन