खुणेचा प्रश्न

४ मार्च, सोमवार

सव्विसावा दिवस. फोन फक्त मीच उचलायचा, पोलिसांच्या साहेबांनी पुन्हा बजावलं. आईंनी उचलला तर त्या रडतील, नाहीतर त्या मेल्यांना शिव्या घालतील — दोन्ही चालणार नाही! बैठकीत माझ्या खुर्चीवर पोलिसांचं रेकॉर्डिंगचं मशीन बसलंय. मी स्टुलावर. दूध आणायलासुद्धा खाली जात नाही. नेमका तेव्हाच फोन आला तर?

शेजारीण दारातून म्हणाली, "यांचा परदेशातला मुक्काम वाढला वाटतं! मजा आहे बाई." मी हसले. बोअरिंगच्या साइटवरून परतताना गाडी अडवून नवऱ्याला उचलून नेलंय, हे कुणाला सांगायचं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

६ मार्च

आज फोन आला. पळवून नेणारा त्याच्या भाषेत बोलतो, तिकडच्या पोलिसांकडची दुभाषी बाई मला सांगते. दोन देशांचे पोलीस ऐकत असतात आणि मी भिंतीवरच्या चिठ्ठ्या वाचते. 'घाई करू नका.' 'आवाज चढवू नका.' संसारात इतकी शहाण्यासारखी कधी वागले नव्हते.

साहेब म्हणाले, आता खुणेचा प्रश्न विचारा. उत्तर फक्त तुमच्या नवऱ्यालाच येईल असा, म्हणजे तो जिवंत असल्याची खात्री पटेल. फोटोत नाही, इंटरनेटवर नाही, आणि घरात कुणालाही सांगायचा नाही. आईंनाही नाही. सकाळी टॉवेल काढताना वैताग आला होता, तेच सुचलं — आपलं कपाट कसं उघडायचं? उत्तर कागदावर लिहून दिलं: उजव्या दाराला खालून लाथ.

७ मार्च

उत्तर आलं. "डावं दार वर उचलून ओढायचं."

चूक.

८ मार्च

काही नाही.

१२ मार्च

साहेब 'तो गेला' असं म्हणत नाहीत. म्हणतात, "तो त्यांच्या ताब्यात आहे याची खात्री नाही." दोन्हीकडच्या पोलिसांचं ठरलं, खात्री पटेपर्यंत बोलणी बंद. रोज फोन येतो. मी चिठ्ठी वाचते, "आमचा विश्वास बसत नाही," आणि ठेवून देते. माझ्या हातानं ठेवते!

पीडितांच्या मदत केंद्रातल्या ताई येऊन बसतात. सल्ले देत नाहीत, हे त्यांचे उपकार. आज भांडी घासून गेल्या. आई आतून विचारतात, "काय म्हणाला गं माझा मुलगा?" मी म्हणते, लाइन खराब होती. किती दिवस खराब राहणार ही लाइन?

१५ मार्च

कपाट उघडेना. लाथ मारली. मग मारतच सुटले. आई धावत आल्या. "अगं, मोडशील! त्या सुतारानं वाटोळं केलं. आधी डावं अडायचं, पण वर उचललं की निमूट यायचं. तासून गेला आणि उजवं बिघडलं."

मी खाली बसले. सुतार पावसाळ्यात आला होता. हा त्याच्या आधीच परदेशी गेलेला. त्याला कसं ठाऊक असणार! बरोबर सांगितलं होतं त्यानं. बिचाऱ्यानं अगदी बरोबर सांगितलं होतं, आणि मी आठ दिवस त्याला मेलेला धरून बसले.

आईंना सगळं सांगितलं. नियम गेला खड्ड्यात.

१६ मार्च

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "प्रश्न मी तपासायला हवा होता." लगेच तिकडे कळवलं. दुपारच्या फोनवर नवा प्रश्न विचारला. आता वाट बघायची.

१८ मार्च

उत्तर आलं नाही. दुभाषी बाई अडखळली. म्हणाली, "ते म्हणतात, हा उत्तर द्यायला तयार नाही. तुझ्या माणसांनी तुला सोडलं, असं त्यांनी त्याला सांगितलंय. आता त्याचा विश्वास नाही. फोनवर खरंच बायको असेल, तर आधी तिनं सांगावं — तो घरून निघाला तेव्हा ती दाराशी आली होती का?"

भिंतीवर याची चिठ्ठी नव्हती. साहेब, ताई, आई — सगळे माझ्याकडे बघत होते.

"नाही आले," मी म्हणाले. "भांडण झालं होतं. जागी होते. झोपेचं सोंग घेऊन पडले होते."

दुभाषी बाईनं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. मग फोनमधून, मागून, लांबून, मराठीत — "तीच आहे."