तीन सुतांची प्लेट

बडनेरा,
मंगळवार, दुपार

प्रिय उस्ताद,

सलाम.

तुम्ही होतात तोवर मी तुम्हाला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. अकोटला फोन केला तरी तब्येत विचारायची, चाचीची खुशाली विचारायची आणि ठेवून द्यायचा. तुम्ही गेल्यावर दोन महिन्यांनी पत्र लिहायला बसलोय, म्हणजे वरातीमागून घोडं! पण काल जे झालं त्यानंतर आज माझ्या हातात वेल्डिंगचा होल्डर धरवत नाही.

काल अकोल्याहून प्रल्हादभाऊ आले होते. तेच आपले ट्रकच्या गॅरेजवाले. त्यांना पुन्हा इंजिनचा स्टँड बनवून पाहिजे. ट्रकमधून उतरवलेलं डिझेल इंजिन त्यावर अडकवायचं, हँडल फिरवून हवं तसं उलटं-सुलटं करायचं आणि मिस्त्रीनं उभ्या उभ्या काम करायचं. सगळं बोलून झाल्यावर निघताना हसत म्हणाले, "गजू, मजबूत पायजे बरं. तुह्या उस्तादानं बनवला तसा नोको!"

आणि उस्ताद, मीही हसलो.

त्या स्टँडवरून इंजिन पडलं ते माझ्यामुळे. प्रल्हादभाऊंना हे आजही माहीत नाही. तुम्हालाही कधी कळलं नाही, आणि कळू नये याची मीच काळजी घेतली.

तुम्हाला आठवतं, मी पुण्याची कंपनी सोडून अकोल्यात अकोट रोडवरच्या तुमच्या शेडमध्ये आलो तेव्हा किती तोऱ्यात होतो? खिशाला स्टीलची पट्टी, तोंडात सारखं मिलिमीटर. तुम्ही इंच आणि सूत सोडून दुसरं माप बोलायचा नाहीत. माझं नाव गजानन कळल्यावर तुम्ही खो खो हसलात. "नाव गजाचं अन् अक्कल सुताची!" मीही हसलो होतो. सूत म्हणजे नक्की किती, हे त्याच दिवशी विचारून घ्यायला काय हरकत होती? पण कंपनीतून आलेला माणूस असलं विचारेल कसा! जुनी माणसं मिलिमीटरलाच सूत म्हणत असतील, असं मी आपलं मनाशी ठरवून टाकलं.

स्टँडची कल्पना तुमची. उमेदीची वर्षं तुम्ही इंजिनं जुन्या टायरांवर ठेवून, वाकून वाकून खोलली आणि पाठ कायमची धरली. "माही पाठ गेली ते गेली, दुसऱ्याची काहून जावी?" असं म्हणून तुम्ही भंगारातून ट्रकच्या मागच्या ॲक्सलचा हब शोधून आणलात, म्हणजे इंजिन त्यावर गरागरा फिरेल. खाली जाड चॅनलची चौकट, चार लोखंडी चाकं, मधे खांब. शेडच्या फरशीवर खडूनं सगळं चित्र काढून दाखवलंत. मी नंतर पुष्कळ कामं केली, पण एवढं नेमकं चित्र मला कागदावरही जमलेलं नाही.

तेवढ्यात तुमच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. अकोटला जाताना मोटारसायकलवर मागे बसलात आणि ओरडून सांगितलंत, "गजू, इंजिन जिले बांधाचं ते मुंडक्याची प्लेट तीन सूत घेजो! बाकी तुले समजते."

काय समजत होतं मला? एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, जवळपास तीन मिलिमीटर. तीन सूत म्हणजे त्याच्या तिप्पट. मी तीन मिलिमीटरची प्लेट कापली, जवळजवळ पिंपाच्या पत्र्याची! सहा-सात क्विंटलचं इंजिन मी त्या पत्र्यावर टांगायला निघालो होतो. वर पुन्हा हौस म्हणून तिच्या काठाला चारी बाजूंनी पट्टी मारली, घासून गुळगुळीत केली आणि लाल रंग दिला. पट्टीमुळे प्लेट चांगली जाडजूड दिसत होती.

तुम्ही काळा चष्मा लावून आलात ते थेट इंजिन चढवायच्या दिवशी. प्लेटच्या काठावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "वा बेटा! काठ मस्त केला." त्या शाबासकीनं मी किती फुगलो होतो!

इंजिनाचे बोल्ट आवळले, वरून इंजिन पेलून धरलेली साखळी सैल सोडली, आणि तव्यावरच्या पापडासारखी प्लेट वाकली. तुम्ही प्रल्हादभाऊंना मागे ओढलंत म्हणून त्यांचे पाय वाचले. इंजिन फरशीवर पडलं, खालची ऑइलची टाकी चेपली, ब्लॉकचा एक कान तुटला. प्रल्हादभाऊंनी फाटलेला पत्रा उचलून सगळ्यांसमोर तुमच्या तोंडापुढे धरला. "चाचा, हे प्लेट हाय? डोये गेले तुमचे. आता घरी बसा!"

मी तिथंच होतो. वेल्डिंगची केबल गुंडाळत होतो. गुंडाळून झाली, सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

ते सगळे गेल्यावर तुम्ही तो फाटका काठ अंगठ्यात आणि बोटात धरून बराच वेळ चाचपलात. मग शांतपणे विचारलंत, "गजू, म्या तुले किती सांगतली होती?"

सूत म्हणजे मिलिमीटर नव्हे, हे तो पत्रा फाटला तेव्हाच मला कळून चुकलं होतं. तेव्हा बोललो असतो तर दोन शिव्या खाऊन सुटलो असतो. पण मी म्हणालो, "तीन एमएमच म्हटलं ना तुमी. मले वाटलंच होतं पातळ हाय म्हणून."

उस्ताद, तेव्हा माझ्या कानाखाली का नाही वाजवलीत? आयुष्यात कधी एमएम हा शब्द तोंडातून न काढलेला माणूस, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलातच कसा? "म्हटलं असन बावा," एवढंच म्हणालात. "वय झालं."

त्यानंतर तुम्ही मापं सांगायचंच बंद केलंत. एखादं गिऱ्हाईक काही विचारायला आलं की "गजूले पुसा" म्हणायचात. आणि सहा महिन्यांत शेड माझ्या हवाली करून अकोटला जाऊन बसलात. चाचाचे डोळे गेले, चाचाचं डोकं चालत नाही, असं अकोल्यातले मिस्त्री बोलायचे ते मी ऐकून घ्यायचो. दर ईदला तुमच्याकडे येऊन दोन-दोन वाट्या शीरखुर्मा खायचो. तो गळ्याखाली उतरायचाच कसा, कोण जाणे! सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे लोक. मी सुतावरून बडनेऱ्यातलं हे माझं स्वतःचं वर्कशॉप गाठलं.

तुम्ही गेल्यावर चाळीसाव्या दिवसाच्या जेवणाला चाचीनं मला जवळ बसवलं. म्हणाली, "गजू, जाईपर्यंत एकच घोकत होते रे. मले पुसत, म्या तीन सूत म्हटलं असन का तीन एमएम? मी म्हणो, जाऊ द्या ना आता. तर म्हणत, नाही, मले आठोत नाही, मले आठोत नाही." सांगताना ती पदराला डोळे पुसत होती आणि मी समोरच्या ताटातला भात चिवडत होतो. तिथंही बोललो नाही. मला माझीच किळस येते, उस्ताद.

नवा स्टँड तयार होत आलाय. तुमच्याच खडूच्या चित्राबरहुकूम, ॲक्सलचा हबसुद्धा तोच. प्लेट पुरी तीन सुतांची आहे. काठाला पट्टी मारलेली नाही, रंगही दिलेला नाही. ज्याला पाहिजे त्यानं माप लावून बघावं.

शुक्रवारी अकोल्यात इंजिन चढवायचंय. साखळी सोडण्याआधी प्रल्हादभाऊंना आणि गॅरेजातल्या सगळ्या मिस्त्र्यांना मी सांगणार आहे की तो पत्रा माझा होता आणि तुमच्यावर ढकललेलं खोटंही माझंच होतं. त्यांनी स्टँड परत न्यायला सांगितलं तर मुकाट्यानं परत आणीन. तिथून एसटीनं थेट अकोटला जाईन. चाचीला मराठी वाचता येत नाही, तेव्हा हे पत्र मलाच तिला मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल. म्हणूनच आज सगळं लिहून ठेवलंय. ऐनवेळी शब्द गिळायची माझी सवय तुम्हाला ठाऊक नसली तरी मला आहे. या कागदावरची एकही ओळ मी गाळणार नाही, हा माझा शब्द.

आणि तुम्ही मरेपर्यंत जे विचारत राहिलात त्याचं उत्तर फक्त माझ्याकडे होतं. ते आता ऐका. तुम्ही तीन सूतच म्हणाला होतात, उस्ताद. मोटारसायकलवरून, चांगलं ओरडून. तुम्ही बरोबर सांगितलं होतं.

तुमचा,
नावाचाच गज,
गजू