लहान दातेरी चाक

प्रिय चिमणे,

फोनवर हे बोलता आलं नसतं. आई सतत शेजारच्या खोलीत असते, म्हणून लिहायला बसलोय.

धाकट्याची ती लाल रिमोटची गाडी आठवते ना? स्पर्धेसाठी त्याने मोटरवर मोठं दातेरी चाक चढवलं होतं, तेही शेजारच्या चाकाला फार घट्ट भिडवून. गाडी सुसाट पळायची, पण किंचाळायची. कामावरून आला की आधी खाली पार्किंगमध्ये फिरवायचा, मगच वर यायचा. तो गेल्यावर बाबांनी ती हातात घेतली. रोज संध्याकाळी खाली जातात, कुणाशी न बोलता फिरवत बसतात. आणि वर आई तो आवाज ऐकून उठते, दाराची कडी काढते, ओट्यावर त्याचा कप मांडते. बाबा एकटेच वर आले की कप परत जागेवर ठेवून देते. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. तू परत कामावर गेल्यापासून हे असंच चाललंय. खरं सांगू, तो आवाज आला की माझीही नजर जिन्याकडे जायची.

रविवारी बाबा म्हणाले, "मला आवरत नाही रे ही. सारखी भिंतीवर आपटते. जरा हळू करून दे." मी त्याच्याच खोक्यातून लहान चाक शोधलं. बारीक स्क्रू सैल करून जुनं उतरवलं, हे बसवलं. दात एकमेकांत रुतू नयेत म्हणून मधे कागदाची पट्टी धरून मोटर आवळली, मग पट्टी ओढून काढली. गाडी ऐकायला लागली. किंचाळणं गेलं, नुसती गुणगुण उरली. बाबा खूश झाले.

संध्याकाळी मी बाबांबरोबर खाली होतो, तर तो बदललेला आवाज ऐकून आई अनवाणीच खाली आली. "हे कोण चालवतंय?"

"मीच," बाबा म्हणाले. "रोज मीच चालवतो."

ती गाडीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तो येतच नव्हता?"

बाबांनी रिमोट खाली ठेवला.

तेव्हापासून ती रडतेय. दवाखान्यात डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ते सगळं आता येतंय. बाबा घाबरून मला म्हणाले, मोठं चाक परत लाव. तीच नको म्हणाली. आणि काल तिने पहिल्यांदा तुझं नाव काढलं. चिमणी कधी येईल, तिच्या कुशीत झोपायचंय मला, म्हणाली. आईला असं म्हणताना मी कधी ऐकलं नव्हतं. आम्हा बापलेकांना तिला नीट जवळसुद्धा घेता येत नाही गं. रजा मिळेल तशी ये.

तुझाच,
दादा