पारावरचा तांब्या

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी एकदा नीट बोलायचं राहूनच गेलं आहे. आई म्हणायची, बुऱ्हाणपुरात वकील पुष्कळ, पण लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा एकच, आणि तो नेमका माझ्या कपाळी आला. खोटं नव्हतं. ज्याच्यामागे कुणी नाही असा माणूस कच्च्या कैदेत पडला, की तुम्ही न बोलावता उभे. खकनारकडचा तो सालदार गडी तसाच. आपल्याच जातीतला, पण फाटका. गावच्या पाटलाची कडब्याची गंजी जाळल्याचा आळ त्याच्यावर होता. तुम्ही लढलात आणि इंग्रज साहेबाने त्याला निर्दोष सोडलं. मला वाटलं, संपलं. पण तुरुंगात त्याने कुणाकुणाच्या हातचं खाल्लं, म्हणून जातीने त्याला वाळीत टाकलं आणि सासऱ्याने मुलीला माहेरी नेऊन ठेवलं. पंचांसमोर जातीतल्या कुणीतरी त्याच्या हातचं पाणी प्यायल्याशिवाय ती परत येणार नव्हती. तुम्ही गाडी जुंपलीत. मी वाटेत मावशीकडे उतरणार होते, पण हट्टाने उतरले नाही.

पारावर पंच बसले आहेत. पाटील मांडीवर काठी आडवी धरून. सालदाराची बायको बापाच्या मागे, पदर दातात. सालदार तांब्या घेऊन येतो. तांब्या इतका काठोकाठ भरलेला की पाणी पायांवर सांडतं. तुम्ही घटाघट पिता. मी श्वास सोडते. पण कुणी जागचं हलत नाही.

"वकीलसाब, तुमाले काय, तुम्ही कचेरीचे मानूस," म्हातारा पंच म्हणतो. "तुमचं सगळं खपून जाते. तुमच्या पोरीले पाजा, मंग मानू."

माझी सोयरीक ठरत आली होती, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. वरपक्ष कडक. बातमी आपल्या गाडीआधी त्यांच्या दारात पोचली असती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. कोर्टात कधी न अडखळणारे तुम्ही, पण तोंडातून शब्द फुटेना. सालदाराने मान खाली घातली. पाटील गालात हसला. त्या हसण्याचा मला असा संताप आला, नाना, की आजही हात शिवशिवतात.

मी तांब्या ओढून घेतला आणि प्यायले. तशी त्याची बायको पुढे आली. माझ्या हातातून तांब्या घेऊन उरलेलं पाणी प्यायली आणि बापाकडे न बघता नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली.

"झालं मंग," म्हातारा म्हणाला. "भरून आन रे, आमालेबी."

सोयरीक मोडली. पुढे दुसरं स्थळ आलं, माझा संसार झाला, पण तुम्ही शेवटपर्यंत येईल त्याला सांगत राहिलात, की पोरगी माझ्यावर गेली, तिला न्याय कळतो. मी ते कधी खोडून काढलं नाही.

हे पत्र कुठे टाकणार? चुलीतच जाईल, म्हणून लिहिते. त्या वेळी मला न्यायाचं काहीच सुचलं नव्हतं. तुमचे ओठ हलले होते. तुम्ही 'नको' म्हणणार असं मला वाटलं, आणि ते मला तुमच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.