भिंत पक्की आहे

कात्रज,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. तुझा फोन लागत नाही, म्हणून कागदावर लिहितेय. तू वाघोलीत कुठे राहतोस ते तुझा दोस्त केयूर मला सांगत नाही, पण पत्र नेऊन देईन म्हणाला.

घरी सगळे ठीक. बाबांना आता दिवसपाळी मिळाली आहे. माझी परीक्षा जवळ आली, अभ्यास काही झालेला नाही. आई वेळेवर जेवते, कामं करते, बोलत नाही. तिचं पुढे लिहिते.

मंदाकिनीताई येऊन गेल्या. तू आठवीत असताना त्यांच्या युवा गटात गेलास आणि वर्षभरात मलाही ओढून नेलंस. वस्तीचे प्रश्न वस्तीतल्या पोरांनीच मांडायचे, असं त्या म्हणायच्या. नाल्याला भिंत हवी म्हणून पहिली सभा तू घेतलीस. तू बोलायला लागलास की म्हातारी माणसंही गप्प ऐकायची. भिंत मंजूर झाली तेव्हा बाबांनी वस्तीभर पेढे वाटले.

मग वॉर्डाचे पुढारी म्हणून आप्पांनी तुला बोलावून घेतलं, आपल्या पक्षाचा युवक अध्यक्ष केलं. चौकात फ्लेक्स लागला. मला तेव्हा आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू. भिंतीचं काम आप्पांच्या मेव्हण्याला मिळालं, त्याचंही कुणाला काही वाटलं नाही.

मे महिन्यात भिंतीला तडा गेला. मी आणि गटातल्या ऋचाने सभा बोलावली, तर आप्पांनी तुला पाठवलं. बाहेरचा इंजिनिअर आणून तपासून घेऊ, एवढंच मी म्हणाले होते. तू माझ्या हातातला माइक घेतलास.

"ही माझी धाकटी बहीण. कॉलेजात जाते ना, त्यामुळे हिला सगळं कळतं."

लोक हसले. मग तू म्हणालास, "भिंत पक्की आहे. मी स्वतः उभं राहून बांधून घेतली आहे. माझ्यावर विश्वास आहे की नाही?"

होता, दादा. सगळ्यांचा होता.

गेल्या महिन्यातल्या पावसात भिंत पडली आणि त्यात शेजारच्या आनंदीवहिनींची छोटी हिरा गेली, हे तुला माहीत आहे. तू स्मशानात लांब उभा होतास, आप्पांची गाडी आली तशी तिच्यात बसून गेलास. पण त्या दुपारी काय झालं ते तुला कुणी सांगितलेलं नाही. बाबांनी मलाही सांगू दिलं नाही.

आनंदीवहिनी कामावर गेल्या की हिरा आपल्याकडे असायची. त्या दिवशी पाऊस जरा उघडला होता आणि तिला बाहेर खेळायचं होतं. समोरच्या कांताबाई आईला म्हणाल्या, "पोरीला भिंतीकडं सोडू नका, तडा वाढलाय."

आई म्हणाली, "माझ्या शंभूनं बांधून घेतलीय ती. काय होत नाय."

आणि तिनेच भिंतीच्या कडेला पोतं अंथरून हिराला बसवलं. खेळायला वाट्या, चमचे दिले.

मी आले तेव्हा आई दोन्ही हातांनी विटा उपसत होती. तिला बाजूला करायला तिघे लागले.

गुरुवारी चौकशीचे अधिकारी आले. आप्पांची माणसं आदल्या दिवशीच घरोघर फिरून गेली होती. भिंत पावसाने पडली म्हणायचं, सभेचा विषय काढायचा नाही. मी बोलणार हे बाबांना कळलं होतं. सकाळी ते माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. "श्रद्धा, तो आपला एकुलता एक मुलगा आहे गं." मी त्यांचे हात खाली घेतले आणि चपला घातल्या.

पण अधिकाऱ्यांसमोर माझ्याआधी आई उठली. हळदीकुंकवालाही मागे भिंतीला टेकून बसणारी आपली आई. म्हणाली, "तडा होता. माझ्या लेकीनं सांगितलं होतं. माझा लेक म्हणाला, पक्की आहे. शंभू वैजनाथ, त्याचं नाव. मी त्याचं ऐकलं आन् दुसऱ्याची पोर तिथं बसवली. माझंबी नाव लिवा."

आनंदीवहिनींना हे तोवर माहीत नव्हतं. त्या उठून घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. नंतर कांताबाई बोलल्या, मग एकेक जण. मी सगळ्यांत शेवटी.

संध्याकाळी मंदाकिनीताई आपल्या पायरीवर बराच वेळ बसून होत्या. म्हणाल्या, "शंभूला पहिल्यांदा सभेत मीच उभं केलं."

आता पोरं म्हणतात, गट तू चालव. मी हो म्हटलंय. परवा बोलायला उभी राहिले, तर सगळे एकदम शांत झाले. मला तू आठवलास.

तुला चौकशीचं बोलावणं येईल. आप्पा वकील देतील, काय बोलायचं तेही पढवतील. त्याआधी एकदा इकडे ये. गाडीतून नको, माणसं घेऊन नको. आनंदीवहिनींच्या दारात जा. त्या तुला आत घेणार नाहीत, कदाचित तोंडही बघणार नाहीत. तरी जा. आपल्या घरी आई काय करेल ते मला सांगता येत नाही.

तुझ्याविरुद्ध जबाब दिलेली, आणि तरीही तुझीच,
श्रद्धा